जिभेचं कुलूप आणि हलगीचा ठेका

गुरुवारी सकाळी कनेरगाव नाक्यावर उतरणाऱ्या माणसाला पत्ता विचारावा लागत नसे. ढाब्यामागच्या शेतात हलगी कडकडत असायची आणि गर्दी आपसूक तिकडं वळायची. वाशीमकडून जीपा भरून येत, हिंगोलीकडून एसटीनं लोक येत, कुणी लेकराला खांद्यावर घेऊन पायी येई. पत्र्याच्या मांडवात, गादी टाकलेल्या चौरंगावर शब्दानंद महाराज बसलेले असत. अंगात पिवळी कफनी आणि कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. जवळून पाहिलं असतं तर त्यात सायकलच्या कुलपाच्या, लोखंडी कपाटाच्या आणि एक मोटारसायकलचीही किल्ली ओळखू आली असती. पण जवळून पाहायला तिथं आलं होतं कोण?

"वाचा म्हंजे काय?" महाराज गरजत. "तिजोरी! तिजोरीला काय असतं?"

"कुलूप!" मांडव ओरडे.

"मागच्या जन्मी ज्यानं खोटी साक्ष दिली, त्याच्या जिभेला देवानं या जन्मी कुलूप घातलं! डागदर काय करंल? मशीन लावंल. अरे, मशीननं कुलूप उघडतं काय? कुलूप उघडतं किल्लीनं! अन् किल्ली कुणाकडं?"

"महाराजांकडं!"

त्या गुरुवारी चौरंगासमोर उभी होती ज्योती खिल्लारे. वय तेवीस, गाव साखरा, शिक्षण बी.एस्सी. आणि लहानपणापासून तोतरी. तिच्या मागं तिचा बाप पुंजाजी मान खाली घालून उभा होता. पुंजाजीच्या घरात आजवर गंडा, दोरा, अंगारा काही शिरलेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या दारात जाऊन तो सांगायचा, "लेकरू आजारी असलं तर दवाखान्यात न्या, बाबाकडं न्हाई." आज सकाळी घरातून निघताना भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहायचं त्यानं टाळलं होतं.

महाराजांनी एक पितळी किल्ली ज्योतीच्या जिभेला लावली. थंडगार, कळकलेली चव. मग हलगीवाल्या खेमाला खूण केली. हलगीनं संथ ठेका धरला. डुग, डुग, डुग, डुग. सगळा मांडव महाराजांच्या मागून म्हणू लागला, "किल्ली लागली, वाचा आली!" महाराज ज्योतीच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले, "म्हण पोरी, आमच्यासंगं म्हण!"

ज्योतीनं तोंड उघडलं. आणि शब्द आले. एकामागून एक, ठेक्यावर पाय टाकत, कुठंही न ठेचाळता आले.

"किल्ली लागली, वाचा आली!"

"आता नाव!" महाराज ओरडले, आणि सगळ्यांनी मिळून तिच्यासोबत तिचं नाव घेतलं, "ज्योती, पुंजाजी, खिल्लारे! राहणार, साखरा!"

आपलं नाव तिनं चारचौघांत जन्मात पहिल्यांदा असं सलग उच्चारलं होतं. तिची माय कमलबाई मटकन खाली बसली आणि रडू लागली. ज्योतीही रडत होती. आणि दहा-बारा मोबाइल वर धरलेले होते.

तोतरेपण म्हणजे काय हे ज्योतीला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी सांगायला तिला अर्धा तास लागला असता. शब्द माहीत असतो, डोक्यात लख्ख उभा असतो, पण गळ्याशी येऊन त्याचं दार बंद होतं. श्वास अडतो, मान ताठते, समोरचा माणूस घड्याळाकडं नाही तर भलतीकडं बघू लागतो. मग माणूस पळवाटा शोधतो. एसटीत कंडक्टरला "साखरा" म्हणता येत नाही, म्हणून ज्योती पुढच्या गावाचं तिकीट मागायची आणि आपल्या गावात उतरायची. दुकानात साखर हवी असली की गूळ घेऊन यायची. पण नावाला पळवाट नाही. हिंगोलीत एका शाळेच्या मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्या साहेबांनी एवढंच विचारलं, "नाव काय आपलं?" ज्योतीचा जबडा अडकला तो अडकलाच. साहेब हसून म्हणाले, "काय मॅडम, घरी विसरलात का नाव?" बाकीचेही हसले. ती परत आली आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कमलबाईनं पुंजाजीला म्हटलं, "तुमचं शास्तर तुमच्यापाशी ठेवा. माही लेक वाळून चालली." लहानपणी तिला वेखंड उगाळून चाटवलं होतं, तोंडात गारगोट्या धरायला लावल्या होत्या, "हळू बोल, नीट बोल" म्हणून दिवसातून वीसदा सांगितलं होतं. आता उरला होता फक्त महाराज.

चमत्कार संध्याकाळपर्यंत टिकला नाही. परतताना जीपवाल्यानं विचारलं, "ताई, उतरायचं कुठं?" आणि ज्योतीच्या गळ्यातलं दार खाडकन लागलं. "स्... स्..." कमलबाईनं घाईघाईनं "साखरा" म्हणून टाकलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

पुढच्या गुरुवारी महाराजांकडं उत्तर तयार होतं. "किल्ली बराबर लागली होती. घरातल्या संशयानं कुलूप परत पडलं." त्यांनी पुंजाजीकडं असं पाहिलं की पुंजाजी जागच्या जागी खचला. "एकवीस दिवस मौन. पोरीनं एक शब्द काढायचा न्हाई."

उपाय मोठा नामी होता. बोलायचंच नाही म्हटल्यावर अडखळणार कोण?

ज्योती मुकी झाली. आणि तिचा व्हिडिओ बोलतच राहिला. "मुक्या मुलीला वाचा फुटली", "दोन मिनिटांत तोतरेपणा गायब", जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रुपवर तो फिरला. ज्योतीच्या फोनवर तिच्याच आत्यानं तो तिला पाठवला, वर हात जोडलेली चित्रं लावून.

मौनाच्या तेराव्या दिवशी, मंगळवारी, दारात एक बाई उभी राहिली. भिकाबाई तिचं नाव, वसमतहून आलेली. सोबत सहा वर्षांची नात पुनम.

"व्हिडिओतली पोरगी हीच ना?" भिकाबाईनं ज्योतीच्या पायालाच हात लावला. ज्योती मागं सरकली. "माही पुनमी तुझ्यावानीच अडखळती, माय. तुला पाहूनच आमी महाराजाकडं गेलो. दोनदा किल्ली लावली, पण टिकून न्हाई राहिली. आता म्हणले, लेकराच्या मनात तर संशय नसतो, मंग कुलूपच गंजलं असंल. या गुरुवारी तापली किल्ली लावणार हायेत. जिभेखाली डाग. जरा तकलीफ व्हईल म्हणले, पर मोकळी व्हईल. तुझ्यावानी."

कमलबाई पदराशी चाळा करीत राहिली. "आमची पोरगी मोकळी झाली न्हाई" हे तिला सांगता येईना, आणि "झाली" असंही म्हणवेना. ज्योती दोघींकडं आळीपाळीनं पाहत होती. तिला ओरडायचं होतं. पण ओरडायला सुरुवात कुठल्या अक्षरानं करायची, इथंच तिची गाडी अडली.

तेवढ्यात बाहेरून पुनमचा आवाज आला. पोरगी गोठ्यापाशी जाऊन शेळीशी बोलत होती, "तुला शिंगं काहून न्हाईत गं? मोडली का? माझा पण दात पडला. हे बघ." पाण्यासारखं सरळ बोलत होती. भिकाबाईला त्यात नवल वाटलं नाही. "जनावराशी बोलती ती तशी. माणूस दिसला का बंद."

ज्योतीच्या मनात मात्र काहीतरी हललं. तीही म्हशीशी बोलताना अडखळत नसे. एकटी असली की पाठ असलेलं सगळं घडाघडा म्हणे. लग्नातली गाणी बायकांसोबत कधी चुकली नव्हती. तेव्हा कुठली किल्ली लावली होती तिच्या जिभेला?

त्याच संध्याकाळी ती आडे सरांकडं गेली. वसराम आडे, गावच्या शाळेतले गणिताचे जुने मास्तर. ते स्वतः तोतरे. पोरं त्यांना मागून "अडखळे सर" म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, तरी बत्तीस वर्षं ते रोज फळ्यासमोर उभे राहिले होते. पहिल्यांदा मौन मोडून ज्योतीनं त्यांना सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं लागली. सरांनी एकदाही तिचा शब्द पुरा केला नाही, हळू बोल म्हणाले नाहीत, घड्याळ पाहिलं नाही. तिचं बोलून झाल्यावर ते उठले आणि त्यांनी कपाटावरचा पेपर काढला.

"हे व्... वाच. माझ्यासंगं."

दोघं एकदमच वाचू लागले. हळदीचे भाव, पाणीपुरवठा, पंचायत समितीची बैठक. एक ओळ, दोन ओळी, अख्खा रकाना. ना ज्योती अडली ना सर. मग मधेच सर गप्प झाले. ज्योती एकटी पुढं गेली आणि पुढच्याच "प्रशासन"वर गच्च थांबली. सरांनी पुन्हा सूर मिळवला, ती सुटली. सर थांबले, ती अडली.

ज्योती त्यांच्याकडं पाहतच राहिली.

"ब्... बहुतेक सगळ्या तोतऱ्यांचं असंच असतं," सर म्हणाले. "कुणासोबत एका सुरात बोललं, ठ्... ठेक्यावर बोललं, गाणं म्हटलं, की अडखळणं जातं. बोलताना श्वास, ओठ, जीभ यांची वेळ जुळावी लागते. आपला मेंदू ती जुळवताना मधेच च्... चुकतो. बाहेरून ठेका मिळाला की त्याला टेकू मिळतो. नेमकं कसं, ते अजून शोधतायत. पण यात देव न्हाई अन् भूत न्हाई. ठेका गेला, की टेकू गेला."

"म्... म्... म्हणजे महाराज..."

"त्याला शास्त्र ठाऊक असंल असं न्हाई. पण हलगी कधी व्... वाजवायची अन् फोन कधी वर धरायचे, हे बराबर ठाऊक हाय."

"म्... मला आधी काहून न्हाई सांगितलं सर?"

सरांनी पेपरची घडी घालून तो परत कपाटावर ठेवला. "मलाच वयाच्या प्... पन्नाशीत कळलं. अन् तुला वर्गात पाहून मी दुसरीकडं बघायचो. तुझ्यात मीच दिसायचो ना. चुकलं माझं."

गुरुवारी दोघं आणि पुंजाजी नाक्यावर पोचले तेव्हा दरबार भरात होता. चौरंगाशेजारी शेगडी पेटलेली होती आणि निखाऱ्यांत एक किल्ली लालसर होऊ लागली होती. भिकाबाई पुनमला मांडीवर घट्ट धरून पुढच्या रांगेत बसली होती.

ठरलं होतं असं की सर बोलतील. सर पुढं गेले, हात वर केला, "ल्... ल्... लोकहो, ह्... ह्... ह्..." आणि अडकले. मागून कुणीतरी हसलं. महाराज खूष झाले. "या मास्तर, या! कुलूप घेऊन आलात, किल्ली घेऊन जा! लाइनीत बसवा रे यांना!" दोन दांडग्या सेवकांनी सरांना धरून बाजूला केलं. सर तोंड उघडून शब्दाशी झगडत होते आणि मांडवाला त्यांची गंमत वाटत होती.

पुंजाजी ओरडला, "अहो, माझ्या पोरीला गुण न्हाई आला! ते खोटं हाय!"

"संशय!" महाराजांनी बोट रोखलं. "हाच तो बाप! यानंच पोरीची वाचा घालवली!"

आणि पुंजाजीचं बळच गेलं. मनातून त्यालाही तेच वाटत होतं.

मग ज्योती पुढं झाली. लोकांनी तिला ओळखलं. "व्हिडिओतली! व्हिडिओतली पोरगी!" मांडव शांत झाला. तिला एकच वाक्य बोलायचं होतं, "माझं तोतरेपण गेलेलं नाही." तिनं श्वास घेतला. "म्... म्... म्..." मान ताठली, डोळे मिटले गेले. काही क्षण गेले. ते किती लांब असतात हे फक्त तोतऱ्या माणसालाच ठाऊक. खरं काय ते सांगू शकणारी त्या शेतात ती एकटी होती, आणि तिलाच बोलता येत नव्हतं. वर तिचं अडखळणं हाच तिच्या पापाचा पुरावा ठरत होता.

"बघा! बघा संशयाचं फळ!" महाराज उठून उभे राहिले. आयता मोका त्यांना सोडवेना. "पर महाराज दयाळू हायेत. खेमा, वाजीव! पुन्हा उघडतो कुलूप!"

हलगी सुरू झाली. डुग, डुग, डुग, डुग. "म्हण पोरी! किल्ली लागली..."

ज्योतीनं डोळे उघडले. ठेका कानांत शिरला, छातीत उतरला. तिनं त्यावर पाय ठेवला आणि बोलली. पण महाराजांचे शब्द नाही.

"माझी, वाचा, आली, न्हाई! घरी, जाता, अडली, जीभ! किल्ली, न्हाई, ठेका, हाय! लेकराला, भाजू, नका!"

महाराजांचं तोंड उघडं राहिलं. ते सेवकांकडं पाहू लागले. खेमा बावरला आणि त्याचा हात थांबला.

"लेकरा... ल्... ल्... ल्..." ज्योती तिथंच अडली.

"खेमा!" बाजूला धरलेले आडे सर ओरडले. रागात असले की त्यांचा शब्द कधी कधी सुटत असे. "वाजव!"

खेमानं का कोण जाणे, ऐकलं. हलगी वाजली. "लेकराला, भाजू, नका!" सरांनी एक हात सोडवून वर केला, हलगी थांबली. ज्योती अडली. हात खाली, हलगी वाजली. ज्योती सुटली. तीनदा झालं. चौथ्यांदा कुणाला सांगायची गरजच उरली नाही. दिव्याचं बटण दाबावं तसा प्रकार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालला होता आणि महाराजांची एकही किल्ली कुणाच्या जिभेला लागलेली नव्हती.

"अगं बाई," पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "हे तर हलगीनं होऊन राहिलं."

सेवकांचे हात सैल पडले होते. सर पुढं आले आणि त्यांनी अडखळत, थांबत, सगळं सांगितलं. एका सुराचं, ठेक्याचं, गाण्याचं. हेही सांगितलं की पोराला डाग देणं हा गुन्हा आहे. या वेळी कुणी हसलं नाही. सर बोलत होते तेवढ्यात महाराज "ध्यानाची वेळ झाली" म्हणत मागच्या बाजूनं जीपकडं निघाले. चालताना किल्ल्या खणखणत होत्या.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण एक म्हातारा उठला. त्याचा चाळिशीतला मुलगा शेजारी खाली पाहत बसला होता. म्हातारा म्हणाला, "ते ठीक हाय, मास्तर. बाबा खोटा. मग माझं पोरगं बरं कशानं व्हईल, ते सांगा."

सर त्या मुलाकडं पाहत म्हणाले, "प्... पुरतं बरं होईलच, असं मी सांगू शकत न्हाई. लहान लेकरांचं पुष्कळदा आपोआप जातं. वाचेचे उपचार करणारी माणसं असतात, म्... मोठ्या दवाखान्यात चौकशी करा. सरावानं सोपं होतं. आमच्यासारखी माणसं रविवारी फोनवर एकमेकांशी बोलत बसतात, त्यानं धीर येतो. पण र्... राहिलं तर राहतं. माझं राहिलं."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. महाराजानं दोन मिनिटांत बरं करतो म्हटलं होतं, आणि हा खरा माणूस वर्षांच्या गोष्टी सांगत होता. पाच-सहा जण सरांचा फोन नंबर घ्यायला थांबले. बाकीचे उठले. जाता जाता काही जण म्हणत होते, "महाराज पुढल्या गुरुवारी कुठं बसणार हायेत, कळलं का?" सरांनी नंतर लेखी तक्रार दिली, पण तोवर जीप जिल्ह्याबाहेर गेली होती. आणि ज्योतीचा व्हिडिओ अजून फिरतो आहे. तो परत कसा बोलवायचा, हे कुणालाच माहीत नाही.

दुपारी नाक्यावर गाडीची वाट पाहत सगळे एकाच झाडाखाली बसले होते. भिकाबाईचा आधार काढून घेतला होता आणि बदल्यात काही मोठं दिलं नव्हतं. पुंजाजीनं ज्योतीला हळूच विचारलं, "माझ्यामुळं झालं का गं हे? म्या लहानपणी तुला लई दटावलं."

"न्... न्हाई आबा. क्... कुणामुळंच न्हाई."

पुंजाजीनं गमछ्यानं तोंड पुसलं आणि तो रस्त्याकडं पाहत बसला.

पुनम ज्योतीजवळ सरकली होती. ढाब्याच्या दारात एक कुत्री पिलांना पाजत पडली होती. पुनमनं तिकडं बोट केलं. "त्... त्... त्... ति..." भिकाबाईचे ओठ हलले, शब्द पुरा करायला ती पुढं झुकली. ज्योतीनं नुसता हात तिच्या हातावर ठेवला. भिकाबाई थांबली. थांबणं तिला जड जात होतं, तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. एक गाडी आली, गेली.

"त्... तिला पाच पिल्लं हायेत. एक प्... प्... पांढरं हाय. त्याला दूधच म्... मिळून न्हाई राहिलं."

"व्हय गं?" भिकाबाई म्हणाली. "मला दिसलंच नव्हतं."

वाचकहो, या पोरीला किल्ली नको होती. ऐकणारं माणूस हवं होतं, घाई न करणारं. आपल्या घरी, वर्गात, दुकानात, एसटीत असं कुणी अडखळत असेल, तर त्याचा शब्द तोंडातून हिसकावू नका, हसू नका, नजर चोरू नका. जमलं तर जाणत्या माणसाकडं न्या. आणि दोन मिनिटांत बरं करतो म्हणणाऱ्याला एकच म्हणा, "हलगी थांबवा. आता बोलू द्या."